राजवाड्यात चूल कुठे?

"राजवाडाच बघू. तिथे बघण्यासारखं काही असतं तरी."

"काय असतं? झुंबर. आपल्याला झुंबर लावायचंय?"

"आणि तुझ्या त्या थोरामोठ्यांच्या जुन्या घरांत काय असतं? काचेच्या पेटीत चष्मा."

"स्वयंपाकघर असतं."

राजारामकाका आणि बकुळामावशी या नवराबायकोचं भांडण रविवारी फिरायला कुठे जायचं याचं होतं, आणि मी शेजारीण म्हणून चहा घेऊन मध्ये बसले होते. परळची आमची चाळ पुढच्या महिन्यात समोरच्या टॉवरमध्ये जाणार. राजारामकाकांचं म्हणणं, जन्म एका खोलीत गेला. दुसऱ्या खोलीचं काय करायचं असतं ते मोठ्यांच्या घरी बघून शिकावं. राजगृहावर ते दोघं वर्षानुवर्षं जातात, पण ते फिरणं नव्हे. फिरणं दिवाळीत सुरू झालं. एक राजवाडा बघून आले आणि काकांना नव्या किचनला नक्षीचा बंद दरवाजा हवासा झाला. जगदीश सुताराला आजच उत्तर द्यायचं होतं.

बकुळामावशी याच गॅलरीत जन्मली. सासरी गेली ती गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला. इस्पितळात आया म्हणून रात्रपाळ्या केल्या. दिवसा भाकरी थापता थापता मुलीचं लग्न जमवलं, दिराची दारू सोडवली, खोलीत भरलेल्या काकांच्या युनियनच्या मीटिंगमध्ये तोंड घालून ठराव फिरवला. चुलीशी बसून तिला सगळ्यात भाग घेता यायचा. आत आणि बाहेर असं काही नव्हतंच.

"राणी स्वयंपाकघरात कुठून जायची, मी गाईडला विचारलं," मावशी मला म्हणाली. "तर म्हणे ते मागे आहे, पब्लिकला बंद."

"राणीला कशाला जायचंय? घंटी वाजवायची."

"माझ्या घंटीला कोण येणार, तुम्ही?"

काकांनी चहात बिस्कीट बुडवलं.

"गिरगावात त्या मास्तरांचं घर बघितलं ना?" मावशी म्हणाली. "चुलीसमोर त्यांची खुर्ची. बाई भाजी चिरायच्या, ते पेपर वाचून दाखवायचे. तसं लिहिलंय तिथे."

"बोर्डावर काहीही लिहितात गं."

मावशी उठली. "गॅलरीत जा."

"का?"

"तुम्ही हॉल. मी किचन. जा."

काका बिस्कीट हातात घेऊन बाहेर गेले. तिने दार लावलं, कुकरखाली गॅस पेटवला, आणि दाराकडे तोंड करून हळू आवाजात काहीतरी बोलली. बराच वेळ बोलली. मी तिथेच होते, पण सांगणार नाही. मध्ये एकदा ती हसली.

"काय? ऐकू येत नाही," बाहेरून काका.

ती बोलतच राहिली.

"बकुळा, अगं मोठ्याने बोल की."

शिट्टी झाली. तिने दार उघडलं. "असं होणार रोज."

काका उंबऱ्यातच उभे. बिस्कीट अर्धं गळून पडलेलं. त्यांनी खिशातून मोबाईल काढला. "जगदीश, तो दरवाजा नको. हो, नकोच. उघडं राहू दे." मग फोन ठेवून जरा चोरटेपणाने, "रविवारी तू म्हणतेस तेच जुनं घर बघू. आता सांग, काय म्हणत होतीस?"

मावशीने गॅस बंद केला, खुंटीवरची पिशवी घेतली, चपला घातल्या.

"अगं, काय म्हणालीस ते तरी सांग."

ती जिना उतरून बाजाराकडे गेली.