उत्तमरावांच्या रक्तातले पट्टे

रंगभूमीवर मी पुष्कळ सूड घेतले. तलवारी लाकडी, रक्त कुंकवाचं. खरा सूड पाहिला तो आमच्या डोणगावच्या कोकिळेचा.

लग्नानंतर तिला दोन-तीनदा दिवस राहिले, दर वेळी गर्भ पडला. नवरात्रात देवीच्या देवळात बायका ओळीनं बसल्या होत्या. सासू गोजरबाई एकेकीची ओटी भरत आल्या आणि कोकिळेपाशी पोचताच सूप उचलून पुढं गेल्या. म्हणाल्या, "इची कूसच नासकी." मग फारकत न देताच तिला माहेरी धाडलं आणि मुलाला, उत्तमरावांना, मंजुळा दुसरी बायको करून दिली.

कोकिळा मॅट्रिक झालेली. नागपूरच्या एका इस्पितळात, प्रयोगशाळेत लागली. सत्त्याहत्तर साली गुणसूत्रांचे पट्टे पाहण्याचं काम तिथं नवंच होतं. रक्तातल्या पेशी काचेवर पसरायच्या, काच ट्रिप्सिनच्या पाण्यात बुडवायची. ते गुणसूत्रांतलं प्रथिन थोडं खातं. मग रंग दिला की गडद-फिके पट्टे उमटतात. काच जास्त वेळ राहिली तर गुणसूत्रं फुगतात आणि पट्टे नाहीसे होतात.

एके दिवशी त्याच प्रयोगशाळेच्या दारात उत्तमराव, मंजुळा आणि गोजरबाई. मंजुळेचेही गर्भ टिकत नव्हते. कोकिळेला पाहून म्हातारी पुटपुटली, "इच्या हाताले यश नाही." कोकिळेनं दोघांचं रक्त घेतलं.

पुढं ती मला म्हणाली, "मामा, काच जराशी जास्त बुडवली असती तं त्याइले काहीच समजलं नसतं. पण मले त्याचे पट्टे साफ पाह्यजे होते."

पट्टे साफ आले. मंजुळा निर्दोष होती. उत्तमरावांच्या दोन गुणसूत्रांच्या टोकांची अदलाबदल झालेली. स्वतः धडधाकट, पण गर्भाच्या वाट्याला कधी तुकडा कमी, कधी जास्त. डॉक्टरांनी तसं समजावलं.

गोजरबाई कोकिळेला जिन्यात गाठून विनवू लागल्या, गावात बोलू नको. कोकिळा म्हणाली, "बाजाराच्या दिवशी मी सांगू, का देवळात तुमी सांगता?"

पुढच्या नवरात्रात मी देवळाच्या पायरीवर होतो. तीच ओळ, त्याच बायका. गोजरबाईंनी कोकिळेच्या पदरात खण, नारळ, तांदूळ घातले. म्हणाल्या, "खोट माह्या उत्तमात होती."

ओटी भरणारीला वाकून नमस्कार करायचा असतो. म्हातारीनं सवयीनं पाय पुढं केला. कोकिळा उठून ताठ उभी राहिली, पाय मागं जाईपर्यंत.