खंडेनवमीला धुतलेली वाळू

नांदेडात तेल निघतं ते करडईचं आणि शेंगदाण्याचं, तेही घाण्यातून. अशा या तेलसंपन्न भूमीत बसून मी तीन वर्षं जमिनीतलं कच्चं तेल बाहेर काढायचं संशोधन केलं. लातूरला घरी गेले की वडील एकच विचारायचे, "मग पेट्रोल कधी स्वस्त करून राहिलीस?"

विषय तसा सोपा. डांबरासारखं घट्ट तेल खडकाच्या बारीक छिद्रांत चिकटून बसतं. नुसतं पाणी सोडलं तर ते शहाण्यासारखं बाजूनं वाट काढून निघून जातं आणि तेल जिथल्या तिथं. म्हणून पाण्यात रिठ्याचा अर्क घालायचा, म्हणजे तेलाची पकड सुटते. गवारीच्या बियांचा डिंक घालायचा, म्हणजे पाणी दाट होऊन तेलाला पुढं ढकलतं. वर सिलिकाचे डोळ्यांना न दिसणारे कण, ते तेलाला खडकापासून सोडवतात. मावशी म्हणाली, "रिठे अन् गवार? एवढ्यासाठी पीएचडी, बाई?" तिचं काही चुकलं नव्हतं.

आता कॉलेजात खडक कुठून आणणार? हातभर लांबीच्या स्टीलच्या नळीत वाळू ठासायची, तिच्यात तेल भरायचं आणि ओव्हनमध्ये आठवडेच्या आठवडे मुरत ठेवायचं. लोणचं एवढं मुरवलं असतं तर निदान जेवताना तरी कामी आलं असतं. माझी शेवटची नळी मुरून तयार होती; आता फक्त तिच्यात रिठ्याचं पाणी सोडून किती तेल निघतं ते मोजायचं होतं. दसऱ्यानंतर समिती बसणार होती. त्या नळीचा निकाल दाखवला तर मुदतवाढ, नाहीतर शिष्यवृत्ती बंद आणि मी लातूरला परत, गल्लोगल्ली क्लास असलेल्या गावात आणखी एक क्लास काढायला.

आणि मधे आली खंडेनवमी. त्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा व्हायची. आमचे शिपाई चाचा, नांदेडच्या जुन्या मोहल्ल्यातले, रिटायर व्हायला आलेले. दरवर्षी तेच सगळी यंत्रं घासूनपुसून ठेवायचे आणि मग हळदकुंकू लावायला आम्हाला हाक मारायचे. यंदा त्यांनी ओव्हनही आतून पुसायला घेतला.

मी पोचले तेव्हा टेबलावर माझी नळी चकाचक, तिच्यावर झेंडूचा हार. शेजारी पेपरवर वाळू वाळत घातलेली, पांढरीशुभ्र.

"बघ बेटी!" चाचा खुशीत म्हणाले. "लई चिकट होतं. साबणानं निघंना. मग तुझ्या बाटलीतलं रिठ्याचं पाणी गरम केलं अन् चोळून चोळून काढलं."

वा! प्रयोग यशस्वी. आता फक्त जमिनीखाली मैलभर खोल चाचांना चोळायला पाठवायचं तेवढं राहिलं.

मी भडकले. सगळ्यांसमोर ओरडले, "अक्कल गहाण ठेवली का हो तुम्ही?" बापाच्या वयाच्या माणसाला. अजून आठवलं की लाज वाटते. चाचा हातातल्या फडक्याची घडी घालत राहिले.

माझ्या गाईडसरांनी मात्र डोकं शांत ठेवलं. "वाळू पांढरी झाली ना? मग फोटो लाव. कशी झाली, कोण विचारतंय?" संशोधनातली सचोटी या विषयावर सरांचं दरवर्षी व्याख्यान असतं.

समितीपुढं मी फोटो लावला नाही. हिंमत वगैरे काही नाही, पकडले जायची भीती. नळी माझ्याच हातून वाया गेली म्हणून सांगितलं. समितीनं सहानुभूतीनं माना हलवल्या, चहा प्यायला आणि मुदतवाढ नाकारली.

चहा घेऊन चाचाच आत आले होते. त्यांनी सगळं ऐकलं. मी बाहेर आले तर चाचा जिन्यापाशी उभे.

"स्वतःवर कशाला घेतलंस?"

"जाऊ द्या चाचा. तुम्हाला काय माहीत त्यात काय होतं."

मी समजूत घालायलाच बोलले होते. चाचांनी मान वर केली.

"तेच म्हणून राहिलो मी. तीन वर्षं रिठे कुटून दिले, तेलाचे डबे वर चढवले. त्यात काय असतंय, एकदा तरी सांगायचं होतंस, बेटी."

तीन वर्षांत मी चाचांशी दोनच गोष्टी बोलले होते. हे कुटा. ते धुवा.