उजवा प्रसाद आणि दोन रुपयांचा शेअर

गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, खनिज वाहणारा आमचा टिपर विकला, त्यानंतरची ही गोष्ट. मी सातवीपर्यंत शिकलेली, चोपड्याची, लग्न होऊन डिचोलीकडच्या गावात आलेली, मुलगी दीड वर्षाची. हे दिवसभर घरात मोबाईल बघत बसायचे. ह्यांच्याबरोबर पूर्वी टिपर चालवणाऱ्या एकाने ह्यांना शेअरच्या ग्रुपमध्ये घातलं होतं. दोन रुपयांचा शेअर, तीन महिन्यांत वीस होणार म्हणे. ह्यांनी टिपरच्या पैशातले थोडे घातले आणि खरंच, रोज सकाळी शेअर वर. दोनाचे तीन झाले, तीनाचे चार. हे खूश, मला मात्र पटेना. एवढा फायदा होणार हे ज्याला ठाऊक, तो आमच्यासारख्यांना बोलावून कशाला सांगेल? गुपचूप स्वतःच नाही का घेणार?

मग ह्यांची नजर मुलीच्या ठेवीवर गेली. माझ्या बाबांनी होडी विकून नातीच्या शाळेसाठी ठेवलेली ती ठेव, आणि मोडायला माझी सही लागायची.

"सही कर गो. शाळाच काय, कॉलेजपण होईल तिचं."

"आणि बुडाले तर?"

"माझ्यावर नाही, देवावर तरी विश्वास आहे मगे तुझा? चल, प्रसाद घेऊया."

आमच्याकडे लग्न असो, विहीर असो, आधी देवाला विचारतात. भट ओल्या मूर्तीवर फुलाच्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. देवळात उभी राहिले, मुलगी कडेवर, ती मंगळसूत्र ओढतेय, आणि माझे डोळे डावीकडेच. पडली उजवी. ह्यांचा चेहरा असा फुलला, जसा टिपर परत मिळाला.

दुसऱ्या दिवशी शेअर आणखी वर गेला आणि ह्यांनी पेन माझ्या हातात दिलं. मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "करते सही. पण आधी घेतलेत त्यातले थोडे विका, पैसे हातात आणून दाखवा."

"वाढता शेअर कोण विकतो गो? तू मासळीवाल्यांची, तुला काय कळणार!"

"मासळीवाल्यांचीच. माझी आई टोपली घेऊन बसते. गिऱ्हाईक पैसे देतं तो भाव, बाकी नुसतं ओरडणं."

"बघच उद्या," म्हणाले फणकाऱ्याने.

सकाळी बाजार उघडला तो शेअर खाली. ह्यांनी विकायला लावले, दुपार झाली, एकपण गेला नाही. विकणारे ढीगभर आणि घेणारा कोणी नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. ग्रुपवर "विकू नका, धीर धरा" येत होतं, मग ग्रुपच नाहीसा झाला.

हे तडक देवळात. मी मुलीला घेऊन धावत मागे, हे भटाला काय बोलतील म्हणून.

"उजवा प्रसाद दिलात आणि हे काय झालं?"

भट फुलं निवडत होता. "मी नाही रे, देवाने दिला. तू काय विचारलं होतंस?"

"भाव वाढणार का."

"मग दुसऱ्या दिवशी वाढला नाही?"

"वाढला."

"मग? घेणारा मिळणार काय, ते कुठे विचारलंस?"

हे पायरीवरच बसले. मला हसू येत होतं आणि रडूही.

ते शेअर पुढे कधीतरी विकले गेले, घातले होते त्याच्या निम्म्या पैशात. आता हे कधीमधी जुन्या मोठ्या कंपनीचे दोन-चार घेतात, म्हणतात, वर्षात बँकेपेक्षा थोडं जास्त सुटलं तरी पुरे. ऐकायला बरं वाटतं, पण मोबाईल वाजला की मी अजून ह्यांच्या तोंडाकडे बघते.

ग्रुप नाहीसा झाला तेव्हाच ठेवीची पावती मी चोपड्याला आईकडे नेऊन दिली. सांगितलं, कोणाला देऊ नको, मी मागितली तरी नको.

"तुका कित्याक नको गो?" मलाच का नको, ते आईला कळेना.

खरं ते सांगितलं. शेअर चारावर गेला त्या दिवशी मीपण मनातल्या मनात सोन्याच्या बांगड्या करायला टाकल्या होत्या.