भिंगरीचे कान

गॅरेजवाल्याला सगळे भिंगरी म्हणत. पायाला भिंगरी लागल्यासारखा तो दिवसभर फिरायचा. एका गाडीखालून निघाला की दुसरीच्या बॉनेटमध्ये डोकं, आणि चहा तिसरीच्या टपावर निवत पडलेला. लग्नाच्या फोटोतही नवरदेवाच्या जागी एक पुसट डाग आहे, असं त्याची बायको सांगायची. पण इंजिन ऐकायचं म्हटलं की हाच माणूस खांबासारखा उभा राहायचा. डोळे मिटलेले, मान जराशी कलती. जुन्या गाड्या बाळगणारी माणसं लांबलांबून यायची ती त्या कानांसाठी.

आणि तेच कान आता दगा देऊ लागले होते. आधी फोनची घंटी हरवली. मग पाठमोरं कुणी बोललं की शब्दांचा नुसता गोळा व्हायला लागला. जाड, घरघरते आवाज शाबूत होते. बारीक तेवढे गळून पडले होते. त्यानं हे कुणालाच सांगितलं नाही. गिऱ्हाईक बोलायला लागलं की तो ओठांकडे बघायचा. बायको काही म्हणाली की ‘हो, हो’ म्हणून मोकळा व्हायचा. अशाच एका ‘हो, हो’च्या पायी त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंती जांभळ्या झाल्या होत्या.

त्यात सिस्टरची गाडी आली. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. भल्या पहाटे, आडवाटेनं, चिखलातून बाळंतिणींकडे जायला तिनं ही गोल पाठीची, सायीच्या रंगाची गाडी घेतली होती आणि पुढे कधी विकली नाही. आता तिची धाकटी बहीण डोंगरापलीकडे अंथरुणाला खिळली होती. सिस्टरला तिच्यापाशी जायचं होतं, तेही स्वतः गाडी चालवत. पण चढ आला की गाडी मान टाकत होती.

रोग भिंगरीला हातानंच सापडला. हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरमधली झडप ज्या दांड्यावर फिरते, तो झिजून खुळखुळत होता आणि तिथून नको ती हवा आत शिरत होती. दुरुस्तीच्या पलीकडे गेलेलं काम. त्यानं ओळखीच्या दुकानदाराकडून त्याच जातीचा, पण जरा अलीकडचा कार्बोरेटर मागवला आणि सिस्टरला सांगितलं, दुपारी या, गाडी तयार असेल.

सकाळी त्यानं जुना उतरवला. पेट्रोलची नळी सोडवली, एक्सिलेटरची तार काढली, नट फिरवले. इंजिनाच्या तोंडाशी चिकटलेलं, सांधा हवाबंद ठेवणारं जुनं गॅस्केट खरवडून जागा लख्ख केली, नवं बसवलं, त्यावर नवा कार्बोरेटर. हातचा मळ होता. गाडी चालू झाली आणि त्याला बरं वाटलं, पण घटकाभरच. इंजिन गरम झालं तसा वेग आपोआप चढायला लागला, मग पडायचा, मग पुन्हा चढायचा. त्यानं हवा-पेट्रोलचा स्क्रू आत घेतला, बाहेर घेतला. फरक शून्य.

घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना. त्यानं गॅस्केटवर संशय घेतला, सगळं खोललं, पुन्हा बसवलं. तेच. पुन्हा खोललं. गाडीभोवती फेऱ्या घातल्या, हात पुसले, पुसलेले हात पुन्हा पुसले. दारात जाऊन रस्ता पाहिला. सिस्टर लवकर तर येत नाही ना? मान कलती करून डोळे मिटले. घरघर तेवढी ऐकू आली. तिच्या आत काय चाललंय, ते एखाद्या बंद खोलीतल्या बोलण्यासारखं राहिलं.

गॅरेजच्या वरच त्यांचं घर. बायको जिना उतरून खाली आली, ती कपाळाला आठ्या घालूनच.

“अहो, ही शीळ कसली वाजतेय सकाळपासून?”

“कसली शीळ?”

तिनं बॉनेटकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. बराच वेळ त्याच्याकडेच.

“तुम्हाला येत नाही ऐकू,” ती म्हणाली.

इंजिन चालू असताना कुणाला काय ऐकू येणार, असं तो पुटपुटला. ती पदर खोचून वाकली, कान इकडे नेला, तिकडे नेला आणि कार्बोरेटरच्या मागच्या अंगाला बोट दाखवलं. तिथे एक बारीकसं तोंड होतं. जुन्यावर ते नव्हतंच, आणि ह्याच्यावर ते झाकायचं राहून गेलं होतं. भिंगरीनं बोट लावलं. बोट आत ओढलं गेलं, आणि इंजिनाचा वेग झटक्यात खाली येऊन ते मुकाट चालायला लागलं.

त्यानं बोट काढलंच नाही. दुसरा हात बॉनेटच्या कडेवर घट्ट होता.

“कधीपासून?” बायकोनं विचारलं.

“वर्ष होईल.”

“जांभळा रंग लागला तेव्हाच मला वाटलं होतं. म्हटलं, सांगतील कधीतरी आपणहून.”

त्यानं रबरी टोपण शोधून त्या तोंडावर बसवलं. मग स्क्रूड्रायव्हर उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. “तू ऐक,” तो शेवटी म्हणाला, “मी फिरवतो.”

त्यातलं आपल्याला काय कळतंय, असं ती म्हणाली खरी, पण जागची हलली नाही. त्यानं स्क्रू आत घेतला. आता दम लागल्यासारखं करतंय, ती म्हणाली. बाहेर घेतला. आता बरं. आणखी बाहेर. आता लंगडतंय, मागे घ्या, मगाचंच बरं होतं. तिचे शब्द कुठल्याही गॅरेजमधले नव्हते, पण त्याचा हात त्या शब्दांमागून बरोबर जात राहिला.

सिस्टर आली तेव्हा गाडी संथ गुरगुरत उभी होती. काम झालं, एवढं म्हणून किल्ली देता आली असती. भिंगरी दोनदा दारापर्यंत जाऊन आला.

“सिस्टर, आवाज हिनं लावलाय,” तो म्हणाला. “मला बारीक ऐकू येत नाही हल्ली. डोंगरात नेण्याआधी एक चढ चढून बघू.”

सिस्टर किल्ली घेऊन स्टिअरिंगवर बसली. बायको पुढे, भिंगरी मागे. टेकडीच्या रस्त्याला लागल्यावर तो एकदा या खिडकीशी, एकदा त्या खिडकीशी सरकत होता. सिस्टरनं आरशात बघून त्याला दटावलं, भिंगरी, एका जागी बस, गाडी हलतेय. गाडी निम्म्या चढावर जराशी अडखळली, मग सावरली आणि वर पोचली. खाली उतरताना सिस्टरनं आपल्या ओळखीच्या कानांच्या डॉक्टरचा पत्ता सांगितला. भिंगरीला नव्हे, त्याच्या बायकोला.

सिस्टर सुखरूप पोचल्याचा फोन आला. बहीण नंतर महिनाभरच होती, पण तो महिना दोघींना मिळाला.

भिंगरीला कानात घालायचं यंत्र मिळालं. गेलेलं सगळं परत येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. यंत्र लावलं की पान्याचा खणखणाट डोक्यात घुसतो, म्हणून तो ते काढून कुठेही ठेवतो आणि मग गॅरेजभर शोधत हिंडतो. कार्बोरेटरचं काम निघालं की जिन्याखाली उभा राहून बायकोला हाक मारतो. तिला आता चांगलंच कळायला लागलंय. तो म्हणतो जुळलं, ती म्हणते अजून नाही. दोघं हटून बसतात, गिऱ्हाईक घड्याळ बघतं, आणि इंजिन आपलं चालूच राहतं.