पाद्रीघराचा इतिहास, मी सांगतो तसा

हे मी कधीच कोणाला सांगितलेलं नाही. मानसीलासुद्धा नाही, आणि ती माझी बायको आहे. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

इथे जपानात, तोयोसुच्या आमच्या बाविसाव्या मजल्यावर पाहुणे आले, की मी एक किस्सा हमखास सांगतो. समुद्राकाठच्या छोट्या गावातल्या लुथरन चर्चच्या पाद्रीघराचा. परदेशी मिशनऱ्याने बांधलेलं, म्हणून धुराडं असलेलं. युद्धात त्याला हाकललं, घरात तांदळाची पोती भरली. पुढे तिथे अनाथ मुलं राहिली, मग फॅक्टरीतले व्हिएतनामी कामगार. आणि मग — इथे मी जरा थांबतो, नाटकी आहे ना — मग आम्ही! माझी जपानमधली पहिली नोकरी त्या गावात. फॉरेनर म्हटल्यावर एकही घरमालक दारात उभं करेना. तेव्हा तिथल्या पाद्रीबाबांनी, ओकुदा-सेन्सेईंनी, वरच्या दोन खोल्या दिल्या. पुढे फ्लॅट मिळाला, तोही ते जामीन राहिले म्हणून. इथे भाडेकरूला जामीन लागतो. भाडं थकलं, भाडेकरू मेला, तर निस्तरायचं त्याने. आमच्यासारख्या उपऱ्यांसाठी सेन्सेई एकही प्रश्न न विचारता शिक्का मारायचे.

पाहुणे 'अरे वा, काय माणूस!' म्हणतात. हल्ली सगळ्यांनाच हलाखीच्या दिवसांचा किस्सा हवा असतो, वाईनसोबत. मला तेव्हा स्वतःची शिसारी येते — येते, आणि दोन भजी खाल्ली की जाते. असला माझा पश्चात्ताप!

कारण इतिहास तिथे संपत नाही. चर्चमध्ये येणारे म्हातारे एकेक करून गेले, चर्च बंद झालं, पाद्रीघर पाडायचं ठरलं. सेन्सेई ऐंशीला टेकलेले, मूलबाळ नाही. त्यांना त्याच गावात एक खोली हवी होती, बस. बायकोची कबर मागच्या टेकडीवर, तिथे रोज जायचे. पण एकट्या म्हाताऱ्याला घर कोण देतो? मालक म्हणाला, जामीन आणा.

ते माझ्याकडे आले. मानसी मुलीला घेऊन पुण्याला गेली होती. ट्रेन बदलत बदलत आलेला माणूस, हातात पर्सिमनच्या फळांची पिशवी, आणि मान खाली घालून बसलेला. माझ्यासमोर! 'फार त्रास देतोय,' म्हणाले. 'तुमचं नाव तेवढं लागेल.'

मी काय विचार केला असेल? हाच, की म्हातारा गेला तर खोली मला रिकामी करावी लागेल. एवढाच. इतका क्षुद्र. आणि तोंडाने म्हणालो, 'सेन्सेई, आम्हा परदेशी लोकांना जामीन राहता येत नाही. कायदाच तसा आहे.'

साफ खोटं. पर्मनंट रेसिडेन्सी होती माझ्याकडे. आणि सांगत कोणाला होतो? आयुष्यभर भाड्याच्या कागदांवर शिक्के मारलेल्या माणसाला! त्यांना कळलं नसेल?

'असं होय,' म्हणाले. 'मला माहीत असायला हवं होतं. माफ करा.' दारात कमरेत वाकले, आणि गेले. पर्सिमन मी खाल्ले. गोड होते.

आता ते दूर डोंगरातल्या वृद्धाश्रमात आहेत; तिथून त्या टेकडीवर जाणं त्यांच्याच्याने होत नाही. मानसीला मी सांगितलंय, पुतण्याने नेलं. पुतण्या नाहीच, मी बनवला.

गेल्या रविवारी पाहुण्यांतल्या एकीने विचारलंच, 'मग त्या पाद्रीबाबांचं पुढे काय झालं हो?'

'मजेत असतील,' मी म्हणालो, आणि भज्यांची प्लेट पुढे केली.