खोटा खटका

माझा डीएसएलआर विकायला काढल्याचं मी आमच्या फोटोग्राफी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, तेव्हा खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली. कुणी वारलं की लागते तशी. मंडळाच्या अध्यक्षांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणतात. त्यांनी लिहिलं, “ताई, फोटोग्राफी सोडताय याचं वाईट वाटतं. तुमची नजर चांगली होती.”

होती. मी कणकेचे हात धुतले आणि उत्तर लिहिलं, “सोडत नाहीये. छोटा कॅमेरा घेतेय.”  मग एकाने अंगठा पाठवला.

कारण साधं होतं, माझा उजवा खांदा. कॉलेजच्या ग्रंथालयात जन्मभर वरच्या फळीवरची पुस्तकं काढून देण्यात तो झिजला असावा. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिलं आणि वजन उचलायचं नाही, भाजीची पिशवीसुद्धा नाही, असं बजावलं. माझ्या कॅमेऱ्याला मोठी लेन्स लावली की तो भाजीच्या पिशवीपेक्षा जड भरायचा, आणि भाजीची पिशवी कुणी डोळ्याला लावून हात न हलवता धरत नाही.

मंडळात मात्र वजन हीच पायरी होती. आम्ही रविवारी सकाळी कुठेतरी फोटो काढायला जातो. निघताना एक विधी असतो. कुणीतरी कठड्यावर रुमाल अंथरतो, सगळे आपापले कॅमेरे त्यावर मांडतात आणि त्या कॅमेऱ्यांचा एकत्र फोटो निघतो. मधोमध सरांची लेन्स. तिचा आकार पाण्याच्या बंबाच्या धुराड्याएवढा. सरांच्या अंगात पुष्कळ खिशांचं जॅकेट असतं. त्या खिशांत काय काय असतं याचं मला फार कुतूहल होतं. एकदा त्यांनी माझ्यासमोर एक उघडला. आत लिमलेटच्या गोळ्या होत्या.

खांद्याची गोष्ट एवढ्यावरच थांबली असती, तर मी फोनवर भागवलं असतं. पण मध्ये बोट होती.

ग्रंथालयातली माझी जुनी सहकारी आणि मैत्रीण उत्तनशेजारच्या डोंगरी गावची. तिच्या थोरल्या भावाची उत्तनला मासेमारीची बोट आहे आणि तो स्वतःच तिचा तांडेल, म्हणजे समुद्रात बोटीवर त्याचा शब्द शेवटचा. पावसाळी बंदी उठली की फादर येऊन बोटींवर पवित्र पाणी शिंपडतात, प्रार्थना करतात, मग बोटी दर्यात जातात. त्या दिवशी घरचे सगळे ठेवणीतले कपडे घालून बोटीच्या पुढच्या टोकावर उभे राहतात आणि मी बाजूच्या लहान होडीतून त्यांचा फोटो काढते. हे किती वर्षं चाललंय ते मोजलेलं नाही. पहिल्या फोटोत जी मुलगी कडेवर आहे ती आता परिचारिका आहे. फोटोची मोठी प्रत वर्षभर बोटीच्या केबिनमध्ये असते. पुढच्या वर्षी नवी आली की जुनी डोंगरीच्या घरी भिंतीवर जाते. प्रत्येक वर्षाचा एक खिळा.

गेल्या वर्षी खांदा ऐन वेळी गेला. होडीत उभं राहून कॅमेरा वर धरला आणि हात पानासारखा थरथरायला लागला. एकही फोटो धड आला नाही. केबिनमध्ये जुनाच फोटो राहिला आणि घरच्या भिंतीवर त्या वर्षाचा खिळा मोकळा राहिला. तो तांडेल मला काहीच बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

यंदा मैत्रिणीचा फोन आला. “ऐक गो, दादा बोट विकतोय. दोन्ही पोरांना दर्यात जायचं न्हाय, एक विमानतळावर, एक एसीत बसतो. हा शेवटचा सीझन. फोटोचं काय करशील?”

“काढेन.”

“खांदा?”

“तो माझा मी बघेन.”

तेव्हा मला असा कॅमेरा हवा होता जो हलत्या होडीत, दुखऱ्या हाताने, त्या घरच्या सगळ्या माणसांना धरून ठेवील. बाकी जगाला तो कसा दिसतो याच्याशी मला कर्तव्य नव्हतं. जगाला मात्र होतं.

पहिला हल्ला घरातून झाला. “अगं, फोनने काढ की,” आमचे हे म्हणाले. “आता फोनमध्ये चंद्रसुद्धा येतो. डागांसकट.”

“ते डाग फोन आपल्या मनाने काढतो, अहो. उद्या तांडेलाला आपल्या मनाने मिशा काढेल.”

“त्याला आहेत ना मिशा?”

“आहेत. पण त्या त्याच्या आहेत.”

मग दुकान. मीरा रोड स्टेशनजवळ, पायऱ्या उतरून तळघरात. काउंटरवरच्या तरुणाने मला बघितलं, माझे केस बघितले आणि प्रेमाने विचारलं, “आंटी, रेसिपी का चॅनल है?”

“नहीं. बोट का फोटो है.”

“ट्रॅव्हल व्लॉग! एकदम सही.” त्याने एक कॅमेरा काढला. त्याला डोळा लावायची जागाच नव्हती. उन्हात पडद्यावर काही दिसत नाही म्हटल्यावर तो म्हणाला, छत्री घेऊन चाला. दुसरा काढला तो जुन्यापेक्षा शंभरेक ग्रॅम हलका असेल. वर लावलेली लेन्स तेवढ्याच तोऱ्याची. “प्रोफेशनल लोग यही लेते हैं.” मी म्हटलं, मैं प्रोफेशनल नहीं हूँ, मेरा कंधा भी नहीं है.

मग त्याला एक कल्पना सुचली. जुन्या लेन्स विकू नका. एक अडॅप्टर घ्या, त्या सगळ्या नव्या कॅमेऱ्याला बसतील.

“और कंधा?”

“कंधा क्या?”

“वो भी पुराना ही लगाना है?”

तो पहिल्यांदा हसला, आणि मग विक्रेता न राहता माणूस झाला. मला काय हवं ते विचारलं. मी सांगितलं. डोळ्याला लावता येईल. पर्समध्ये मावेल. हात हलला तर आतल्या आत सावरून घेईल. त्यावर एक लहान, स्थिर लेन्स, जी माणूस उभा आहे तेवढंच बघते, उगाच पुढेमागे सरकत नाही. आणि दुसरी थोडी लांबची, अंगठ्याएवढी. बस्स. त्याने काढलेला कॅमेरा साबणाच्या डबीएवढा होता. आत आरसा नाही, म्हणून आरसा वर जाण्याचा तो दणका नाही. खटक्याचा आवाजही बंद करता येत होता. मी तिथेच, काउंटरवर, आवाज बंद केला. जन्मभर ग्रंथालयात “शू” म्हणत आलेल्या बाईला असा कॅमेरा मिळणं हा न्याय आहे असं मला वाटलं.

रविवारी मी तो मंडळाच्या रुमालावर ठेवला. सर म्हणाले, “वा, नातवाचा का?” सगळे हसले. फोटो काढताना कुणीतरी तो धुराड्याच्या मागे सरकवला. नंतर ग्रुपवर आलेल्या फोटोत माझ्या कॅमेऱ्याचा फक्त पट्टा दिसतो. मी तो फोटो जपून ठेवलाय.

बोटींच्या आशीर्वादाच्या दिवशी हाटकेशच्या घरून रिक्षाने उत्तनला पोचेपर्यंत ऊन वर आलं होतं. बोटीवर पताका, झेंडूच्या माळा, नवा रंग. विकायच्या बोटीला कुणी नवा रंग लावतं का, असं मनात आलं, विचारलं नाही. फादर पाणी शिंपडून पलीकडच्या बोटीवर गेले. घरचे सगळे पुढच्या टोकावर जमू लागले. मी लहान होडीत, आणि होडी धरायला माझी मैत्रीण. ती कधीच त्या फोटोत नसते. लग्न होऊन गेलेल्या मुलीचं बोटीवर काय काम, असं ती सांगते. खरं म्हणजे मी असताना होडी दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला ती तयार नसते.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. हात थरथरत होता, पण चित्र थरथरत नव्हतं. वर तांडेल सुनेला ओरडत होता, तिचा दुपट्टा पताकेत अडकला होता. त्याची बायको केसातलं फूल सरळ करता करता त्यालाच सुनावत होती. थोरला मुलगा फोनवर साहेबाला आजारी असल्याचं सांगत होता, तोंडावर हात ठेवून, मागे लाऊडस्पीकर वाजत असताना. मी काढत गेले. आवाज नाही, काही नाही.

“झाले!” मी ओरडले.

बोटीवरच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

“काय झाले, बाय?” तांडेल म्हणाला.

“फोटो. काढले.”

“कॅमेरा कुठं हाय?”

मी साबणाची डबी वर करून दाखवली. त्याने बहिणीकडे बघितलं. “हिचा कॅमेरा कुणी चोरला काय गो?”

“हाच हाय तिचा,” मैत्रीण म्हणाली. “काढ गो परत. उभे राहतील.”

ते उभे राहिले. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं मी काय करत होते. ही माणसं रांगेत उभी राहतात, छाती भरून श्वास घेतात, रोखतात, आणि खटका ऐकू आला की सोडतात. त्यांच्या लेखी फोटो त्या खटक्याने होतो. जुन्या कॅमेऱ्याचा खटका होडीतून बोटीपर्यंत सहज पोचायचा. आता मी बटण दाबत होते आणि वर सगळे लाल होईपर्यंत थांबत होते. मग कुणीतरी धीर सोडून विचारायचं, “काढलास की न्हाय?” आणि सगळे त्याच्याकडे वळायचे. पुन्हा उभे. पुन्हा श्वास. “काढलास?” प्रत्येक फोटोत कुणाचं तरी तोंड उघडं, प्रत्येक फोटोत मला विचारलेला तोच प्रश्न.

“आवाज न्हाय याला,” तांडेल शेवटी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. गेल्या वर्षीही नव्हता. “ऱ्हाऊ दे, बाय. तुझा हात दुखतोय.”

ओहोटी लागली होती. मागच्या बोटीला जागा हवी होती, तिकडून हाका चालू होत्या. मैत्रीण माझ्याकडे बघत नव्हती, पाण्याकडे बघत होती.

मी चष्मा कपाळावर चढवला आणि हलत्या होडीत कॅमेऱ्याच्या सेटिंगची यादी उघडली. पान, त्याच्या आत पान, त्याच्या आत आणखी एक. ज्या माणसाने ही यादी रचली त्याने आयुष्यात कधी ग्रंथालय पाहिलेलं नाही. शेवटी सापडलं: खटक्याचा आवाज. म्हणजे खरा खटका नाही. कॅमेरा स्वतःच्या लहानशा कर्ण्यातून खटक्याची नक्कल वाजवतो. दुकानात मी मोठ्या तोऱ्यात बंद केला होता तो हाच. मी तो पूर्ण वर नेला.

पलीकडच्या बोटीवर प्रार्थना सुरू झाली म्हणून लाऊडस्पीकर बंद केला होता. त्या शांततेत माझा कॅमेरा वाजला. खट्!

फादरांनी मान वळवून बघितलं. आणि आमच्या बोटीवर सगळी रांग एका झटक्यात सरळ झाली. खांदे मागे, हनुवट्या वर, तांडेलाचा हात बोटीच्या कठड्यावर. खट्! कुणी हललं नाही. खट्! मग सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. तांडेल म्हणाला, “आता काढलास.”

मोठी प्रत घेऊन मी डोंगरीला गेले तेव्हा दोन फोटो नेले. एक रांगेतला, आणि दुसरा त्याआधीचा, दुपट्टा, फूल आणि आजारी मुलगा असलेला. मला तो दुसरा जास्त आवडला होता, अजूनही आवडतो. तांडेलाने पहिला हातात धरला तो बराच वेळ खाली ठेवला नाही. बोटीच्या नावावर, नव्या रंगावर, माणसांवर बोट फिरवत राहिला. मग दुसरा उचलला.

“हे काय?”

“तुम्हीच.”

“हे भांडण हाय आमचं. ते फुकटात ऐकतोच की.”

मी भिंतीवरच्या मोकळ्या खिळ्याकडे बोट दाखवून म्हटलं, गेल्या वर्षीची जागा आहे, तिथे लावा.

“न्हाय,” तो म्हणाला. “गेल्या वर्षीचा आला न्हाय, तर आला न्हाय. दुसरा लावून कुणाला फसवायचं?”

माझ्या पर्समध्ये नक्कल वाजवणारा कॅमेरा होता. मी तांडेलाने दिलेला चहा प्यायले. रांगेतला फोटो तो दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये घेऊन गेला. बोट विकली जाईल तेव्हा फोटो केबिनमधून उतरून घरी येईल आणि त्याच्या खिळ्यावर जाईल. भांडणाचा मैत्रिणीने ठेवून घेतला, तिच्या कपाटाच्या आतल्या बाजूला, दादाला न सांगता.

मी रांगेतला फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. सरांचं उत्तर आलं, “छान. पण जरा स्टिफ वाटतो. कँडिड क्षण हवा होता.” मी लिहिलं, “सर, त्यांनी श्वास रोखलाय. आपण शेवटचा कशासाठी रोखला होता?” अंगठासुद्धा आला नाही.

पुढच्या रविवारी मंडळाबरोबर गोडदेव गावाच्या मागच्या बाजूला गेलो. रुमाल अंथरायच्या आधी सर माझ्याशेजारी आले. हवा थोडी बदलली होती. त्यांनी स्वतःही मिररलेसची, म्हणजे माझ्यासारख्या बिनआरशाच्या कॅमेऱ्याची, चौकशी सुरू केल्याचं दुकानातल्या त्या तरुणाने मला सांगितलं होतं. खालच्या आवाजात म्हणाले, “ताई, एक सांगू? तो खटक्याचा आवाज बंद ठेवा. नवखे लोक ठेवतात चालू. जाणकार कॅमेरा सायलेंट ठेवतात. पक्षी उडून जातात.”

मी आजूबाजूला बघितलं. पक्षी नव्हता. डबक्यात एक म्हैस बसली होती.

मी यादी उघडली. पान, आतलं पान, त्याच्या आतलं पान. आता ते पाठ झालंय. आवाज आधीच पूर्ण वर होता, तरी मी एकदा खात्री केली. मग कॅमेरा सरांच्या शेजारीच डोळ्याला लावला.

खट्!

म्हशीने मान वर केली, सरळ माझ्याकडे बघितलं, आणि हलली नाही. मी आणखी एक काढला.