माळ्यावरची पहिली पंगत

प्रभाकर गेल्याचा फोन आला तेव्हा पांढरकवड्याला माझ्या साइटवर स्लॅब भरणं चालू होतं. स्लॅब मधातच अर्धा सोडता येत नाही. हातात फोन धरून मी तशीच उन्हात उभी राहिले, मिक्सर गरगरत राहिला, आणि मला त्याचाच राग आला... अरे, जायचंच होतं तर निदान स्लॅबच्या दिवशी तरी जाऊ नको! आयुष्यभर सिमेंटवरून माझ्याशी भांडला आणि जातानाही मला सिमेंटपाशीच अडकवून गेला.

आम्ही दोघं यवतमाळला सिव्हिलच्या एकाच वर्गात होतो. लाकडाचा धडा आला की सर म्हणायचे, परीक्षेत येत नाही, सोडा. सगळ्यांनी सोडला. मी ठेकेदार झाले, प्रभाकर सरकारी खात्यात गेला, आणि पन्नाशीत नोकरी सोडून त्यानं गावाबाहेर एका शेडमध्ये तोच सोडलेला धडा शिकवायला घेतला. डिप्लोमा, डिग्री झालेली पोरं-पोरी यायची. सागवान नि बांबू कसा पारखायचा, सुकवायचा, किती भार घेतो ते कसं काढायचं, सगळं. "आपल्या जिल्ह्यात सागाचं जंगल हाये आन् इंजिनेरले लाकडाची भीती वाटते, सुमन. लाज वाटली पाह्यजे आपल्याले," असं मलाच सुनवायचा.

शेवटी प्रत्येक तुकडीनं एक लाकडी माळा उभा करायचा. त्यावर पहिली पंगत बसायची ती बांधणाऱ्यांच्या घरच्यांची. आईबाप, भाऊबहीण, आणि त्यांच्या बरोबरीनं प्रभाकरची बायको, शोभावहिनी. पाहुणे नंतर. "ज्यानं बांधलं त्याची माय आधी वर बसंल, मंग दुसऱ्याची," हा त्याचा नियम. वहिनी दर वेळी लुगड्याचा काष्टा सावरत शिडी चढायच्या आणि वरून मलाच चिडवायच्या, "या न ताई, की भेव वाटते?"

एका वर्षी मात्र घोळ झाला. सरकारी खात्याचे मोठे साहेब आले होते, या कामाला मान्यता देणार होते. भात वाढायला घेतला आणि प्रभाकर शिडीपाशी आडवा उभा राहिला. पोरांनी तुळयांचा ओलावा फक्त टोकांशी मोजला होता, हे त्याला तेव्हाच कळलं. टोकं आधी सुकतात, मधला भाग ओलाच राहतो. ओलं लाकूड उन्हाळ्यात आकसतं, जोड सैल पडतात. "आज कोणी चढणार नाई," म्हणाला. साहेब न जेवताच निघून गेले. मग काय, तालुकाभर बोभाटा, की मास्तराचाच लाकडावर भरोसा नाही. पुढच्या वर्षी निम्मी पोरंही आली नाहीत. मी त्याला तोंडावर झापलं, "काहून केलं असं? माळा काय त्याच दिवशी पडत होता का?" तो एवढंच म्हणाला, "नसता पडला. पण मले मालूम होतं न." त्यानंतर तो खचत गेला. रात्री झोप नाही, छातीत दुखे ते कोणाला सांगणं नाही. त्या एका दिवसानं त्याला पोखरलं असं मला वाटतं, आणि ते वाटणं काही केल्या जात नाही.

तो गेला तेव्हा शेवटच्या तुकडीचा माळा अर्धवट होता. मागच्या आठवड्यात पोरांनी पुरा केला. जवळच्या एका कॉलेजचे प्राचार्य बघायला आले. त्यांना पटलं तर हे शिक्षण कॉलेजात सुरू राहणार, नाही तर शेडला कुलूप. मी देव पाण्यात घालून बसले होते. आणि वहिनी शिडीपाशी येऊन थांबल्या.

"ते होते तवा मी डोळे मिटून चढो. आता कोणाच्या भरोशावर चढू, ताई?"

बाप्पा, एवढी वर्षं राबून या माणसानं उभा केला तो भरोसा त्याच्याबरोबरच जळाला की काय! तेवढ्यात त्या तुकडीतली उषा राठोड पुढे आली. महागावकडच्या तांड्यातली पोर, तिची आई शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून उभी. "याडी, उतर," तिनं आईला खाली घेतलं आणि वहिनींना म्हणाली, "काकू, तुम्ही पण नका चढू. मधली तुळई मी आत्ता परत मोजली. आतून ओली हाये."

"आत्ताच सुचलं का तुले?" मी दात-ओठ खात पुटपुटले. प्राचार्य ऐकत होते.

"आत्ताच चढून राह्यले न सगळे, मॅडम," ती म्हणाली. मागे हटली नाही.

पंगत खाली जमिनीवर बसली. प्राचार्य जेवून निघून गेले, आणि त्यांचा फोन अजून आलेला नाही. येईल असंही मी छातीठोक सांगू शकत नाही. पण वहिनी त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवल्या. हात धुताना त्यांनी उषाला जवळ बोलावलं.

"लाकूड सुकलं की मले सांगजो, पोरी. तू म्हणशीन तवा चढीन मी."